लील शहरीं दोन दिवस



दौंड-मनमाड लोहमार्गानें प्रवास करणाऱ्यास एका स्टेशनावर 'बेलापूर' अशी पाटी दिसते. खालीं उतरून चौकशी करावी, तर गांवाचें नांव निघतें श्रीरामपूर! खरें बेलापूर तेथून कांहीं मैलांवर प्रवरेच्या कांठीं आहे. बुद्रुक एका तीरावर आणि खुर्द दुसऱ्या तीरावर. १८७८ सालीं आगगाडी आली ती गांवाला बाजूस ठेवून गेली. स्टेशनास गांवाचें नांव मिळालें, आणि स्टेशनाभोंवतीं जी नवी पेठ उभी राहिली ती पाहतां पाहतां मूळ गांवाहून मोठी झाली. ही किमया मुख्यत्वेंकरून साखरेची. माझें बालपण बेलापुरांत, उंसाच्या फडांच्या शेजारीं गेलें. म्हणून गेल्या हिवाळ्यांत पॅरिस येथील काम आटोपून दोन दिवसांची सवड हातीं आली तेव्हां, तेथील राजवाडे आणि चित्रशाळा सोडून, मीं उत्तर फ्रान्समधील लील शहराचें तिकीट काढलें. स्नेह्यांना नवल वाटलें. लीलला पाहण्यासारखें काय आहे, असें त्यांनीं विचारलें. "आमच्या गांवचा इतिहास आहे," असें मीं उत्तर दिलें. त्यांना ती थट्टा वाटली. परंतु तें उत्तर खरें कसें होतें, हेंच आज सांगावयाचें आहे.

पॅरिसहून लीलला वेगवान आगगाडीनें जेमतेम तासभर लागतो. मुलूख सपाट, डोंगर नाहीं, खडक नाहीं, आभाळ मात्र खालीं वांकलेलें. नोव्हेंबरचे दिवस होते. नांगरलेलीं शेतें ओलीं काळीं दिसत होतीं, आणि त्यांच्या कडेनें, रस्त्यालगत, मातकट पांढुरक्या कंदांचे लांबच लांब ढीग रचलेले होते. आपल्याकडे कोशिंबिरीला मिळतें त्या तांबड्या बिटाचें हें पांढरें भावंड. त्याच्या वजनाचा सुमारें सहावा हिस्सा निव्वळ साखर असते. वसंतांत तें पेरावें, थंडी पडण्याच्या सुमारास उपटावें, कारखान्यांत त्याच्या बारीक फोडी करून ऊन पाण्यांत साखर उतरवून घ्यावी, उरलेला चोथा गुरांना घालावा, असा हा क्रम आहे. आपला अडसाली ऊंस दीड वर्ष शेत अडवून बसतो. बीट एका हंगामांत मोकळें होतें. परंतु दोहोंतून निघणारी साखर एकच. चहांत पडल्यावर ती कोणत्या देशाची आणि कोणत्या झाडाची, हें जिभेला कधींच कळणार नाहीं.

लील हें फ्लँडर्स प्रांतांतील जुनें व्यापारी शहर. पूर्वीं तें स्पेनच्या राजांच्या अमलाखालीं होतें. १६६७ च्या ऑगस्ट महिन्यांत फ्रान्सच्या चौदाव्या लुईनें वेढा घालून तें घेतलें. शिवाजीमहाराज आग्र्याच्या कैदेंतून निसटले त्यास तेव्हां नेमकें एक वर्ष झालें होतें, असें म्हटलें म्हणजे काळ आपल्या ध्यानांत येईल. वोबाँ नांवाच्या दुर्गशास्त्रज्ञानें तेथें तीनच वर्षांत जो पंचकोनी कोट उभारला तो अद्याप शाबूत आहे. शहराच्या मुख्य चौकांत १६५३ सालीं पुरी झालेली व्यापाऱ्यांची जुनी पेढी आहे. सारख्या नमुन्याचीं चोवीस घरें एका अंगणाभोंवतीं जोडून ती बांधली आहे. भिंतींवर फळाफुलांचे दगडी हार आहेत. एके काळीं जेथें सौदे ठरत, तेथें आतां जुन्या पुस्तकांचे विक्रेते बसतात आणि म्हातारे गृहस्थ बुद्धिबळें खेळतात. या अंगणांत एकोणिसाव्या शतकांत नेपोलियनचा पुतळा बसविला होता. आज तो तेथें नाहीं. योद्धा म्हणून नव्हे, तर उद्योगधंद्यांचा रक्षक म्हणून तो उभा केलेला होता. रणांगणावर हयात घालविलेल्या पुरुषाला व्यापाऱ्यांनीं ही पदवी कां द्यावी, याचें उत्तर आगगाडींतून दिसलेल्या त्या ढिगांत आहे.

अठराव्या शतकांत फ्रान्सला साखर पुरविणारी मोठी वसाहत म्हणजे आजची हैती. तेथील उंसाचे मळे आफ्रिकेंतून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत. १७९१ सालीं त्या गुलामांनीं बंड केलें, आणि १८०४ सालीं तो देश स्वतंत्र झाला. पुढें १८०६ सालीं नेपोलियननें इंग्लंडचा व्यापार बुडविण्यासाठीं युरोपचीं बंदरें इंग्रजी मालास बंद केलीं. उलट समुद्रावर इंग्रजी आरमाराचा पहारा होता. याचा परिणाम असा झाला कीं, वसाहतींतून येणारी साखर दुर्मिळ झाली आणि तिचे भाव भडकले. बिटांत साखर असते हें बर्लिनच्या मार्गग्राफ या रसायनशास्त्रज्ञानें १७४७ सालींच दाखविलें होतें, आणि त्याचा शिष्य आखार्ड यानें १८०१ सालीं सिलेशियांत तिचा पहिला कारखानाही काढला होता. नड उत्पन्न होतांच फ्रान्सला या विद्येची आठवण झाली. १८१० सालीं लील येथें क्रेस्पेल-देलीस नांवाच्या एकवीस वर्षांच्या तरुणानें बीटसाखरेचा कारखाना काढला. १८११ च्या मार्चमध्यें नेपोलियननें बत्तीस हजार हेक्टर, म्हणजे सुमारें ऐंशी हजार एकर जमिनींत बीट लावण्याचा हुकूम सोडला. १८१२ च्या जानेवारींत पॅरिसजवळील देलेसेर यांच्या कारखान्यांतील साखर पाहून तो इतका संतुष्ट झाला कीं, आपल्या छातीवरील मानचिन्ह काढून त्यानें तें त्यांच्या अंगावर लावलें, असें सांगतात.

पण हा उत्कर्ष टिकला नाहीं. नेपोलियनचा पाडाव झाला, बंदरें खुलीं झालीं, वसाहतींची स्वस्त साखर पुन्हा आली, आणि बिटाचे बहुतेक कारखाने बसले. जे थोडे तगले त्यांत क्रेस्पेल यांचा होता. त्यांनीं आपलें ठाणें लीलजवळच्या आरास येथें नेऊन चिकाटीनें कृति सुधारली, आणि त्यांच्या अनुभवावर पुढच्या पिढीचे कारखाने उभे राहिले. तेव्हां वसाहतींतील मळेवाल्यांनीं ओरड केली. १८३७ सालीं बीटसाखरेवर कर बसला, आणि १८४३ च्या कायद्यानें दोन्ही साखरांवरील कर हळूहळू समान करण्याचें ठरलें. १८४८ सालीं फ्रेंच वसाहतींतील गुलामगिरी कायमची बंद झाली. साखर जमिनींतून उगवते असें आपण समजतों. लीलचा इतिहास सांगतो कीं, ती आधीं कायद्यांतून उगवते: कोणाची साखर देशांत येऊं द्यावयाची, कोणाची अडवावयाची, आणि ती पिकविण्याचा बोजा कोणाच्या पाठीवर टाकावयाचा, हें ठरल्यावर मग पेरणी होते.

या कंदानें लीलला आणखी एक देणगी दिली. १८५४ सालीं लुई पाश्चर तेथील नव्या विज्ञानशाखेचे प्रमुख म्हणून आले. बिटापासून मद्यार्क काढणारे बिगो नांवाचे कारखानदार १८५६ सालीं त्यांच्याकडे गाऱ्हाणें घेऊन गेले. पिंपांतील रस आंबण्याऐवजीं नासत होता. पाश्चर त्या कारखान्यांत जाऊन रसाचे थेंब सूक्ष्मदर्शकाखालीं पाहूं लागले. आंबणें आणि नासणें हीं दोन्ही सजीव सूक्ष्म जंतूंचीं कामें आहेत, हा त्यांचा सिद्धांत ज्या अभ्यासांतून निघाला त्यांत बिगो यांच्या पिंपांचा वांटा मोठा आहे. पुढें त्यांच्याच नांवाच्या लील येथील संस्थेंत कालमेत आणि गेरँ या दोघांनीं १९०८ ते १९२१ पर्यंत खपून क्षयाची लस तयार केली. बी. सी. जी. या तीन अक्षरांतील शेवटचीं दोन अक्षरें म्हणजे या दोघांचीं आद्याक्षरें होत. आपल्या मुलांच्या दंडावर जो बारीक वण असतो तो लीलहून आलेला आहे.

आतां या वैभवाची दुसरी बाजू. त्या काळचें लील हें सूतगिरण्यांचेंही शहर होतें. तेथील गिरणीकामगारांचीं कुटुंबें जमिनीखालच्या तळघरांत राहत. व्हिलेर्मे नांवाच्या वैद्यानें तीं पाहून १८४० सालीं जो वृत्तांत प्रसिद्ध केला तो वाचून सुखवस्तु फ्रान्स हादरला. दुसऱ्याच वर्षीं मुलांच्या मजुरीवर निर्बंध घालणारा कायदा झाला. त्या कायद्यानें केलें काय, तर आठ वर्षांखालील मुलांस मोठ्या कारखान्यांत कामास लावण्याची मनाई केली, आणि आठ ते बारा वर्षांच्या मुलांचे कामाचे तास आठांवर आणले. एवढ्यासाठींही कायदा करावा लागला, यावरून पूर्वींची स्थिति समजावी. १८५१ सालीं व्हिक्टर ह्यूगो स्वतः त्या तळघरांत उतरून आले. त्या गल्ल्या आतां नाहींत, आणि गिरण्यांचा आवाजही थांबला आहे. पण ज्या चौकांत मी गरम कॉफी घेत बसलों होतों त्याच्यापासून तीं तळघरें पायीं जाण्याइतक्या अंतरावर होतीं, ही गोष्ट मनांतून जाईना.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं मी लीलच्या पश्चिमेस सुमारें पंधरा मैलांवर असलेल्या न्यव्ह-शापेल या खेड्यास गेलों. १९१४ च्या ऑक्टोबरमध्यें लील जर्मनांच्या हातीं पडलें, तें १९१८ च्या ऑक्टोबरपर्यंत सुटलें नाहीं. शहराच्या बाहेर, याच सपाट शेतांतून, दोन्ही सैन्यांचे खंदक गेले होते. तेथें लढावयास जे आले त्यांत आपले लोक होते. २८ ऑक्टोबर १९१४ रोजीं न्यव्ह-शापेल परत घेण्यासाठीं जो हल्ला झाला त्यांत शीख पलटणीबरोबर आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या सफरमैना पथकाच्या दोन तुकड्या पुढें गेल्या. त्या पथकांत मराठे, शीख आणि मुसलमान असे तिन्ही जातींचे शिपाई असत. ज्यांचें काम खंदक खणणें आणि पूल बांधणें, त्यांना संगिनी देऊन घराघरांतून झुंजावयास लावलें. गांवांत ते शिरले; पण मागून कुमक आली नाहीं आणि परतावें लागलें. त्यांचे बहुतेक सर्व गोरे अधिकारी त्या दिवशीं पडले अथवा जखमी झाले. पुढें १९१५ च्या मार्चमध्यें तेथेंच मोठी लढाई झाली.

आज तेथें रस्त्याच्या कडेला पांढऱ्या दगडाची वर्तुळाकार भिंत आहे, मध्यें कमळाचा माथा असलेला उंच स्तंभ आहे, आणि त्याच्या पायाशीं दोन दगडी वाघ बसले आहेत. १९२७ च्या ऑक्टोबरमध्यें या स्मारकाचें उद्घाटन झालें. ज्यांचीं प्रेतें सांपडलीं नाहींत, अथवा ज्यांना वेगळी समाधि नाहीं, अशा सुमारें पावणेपांच हजार हिंदी शिपायांचीं नांवें भिंतीवर कोरलीं आहेत. सफरमैनांच्या रकान्यापुढें मी बराच वेळ उभा राहिलों. भिंतीपलीकडे शेतें होतीं आणि एक यंत्र जमीन उकरीत चाललें होतें. या मातींत आजही तोफगोळ्यांचे तुकडे निघतात, असें तेथील लोक सांगतात. तोच काळ लीलच्या नागरिकांनाही कठीण गेला. १९१६ च्या वसंतांत लील आणि शेजारच्या दोन शहरांतून सुमारें वीस हजार माणसें, त्यांत पुष्कळ तरुण मुली, जर्मन सैन्यानें घराबाहेर काढून दूरच्या शेतांवर वेठीस नेलीं.

आणि येथेंच बेलापूरचा धागा लागतो. युरोपची बीटसाखर महायुद्धापूर्वीं हिंदुस्थानांतही येत असे. मुख्यतः जर्मनी आणि ऑस्ट्रियाची. त्या सरकारांच्या उत्तेजनामुळें ती इतकी स्वस्त पडे कीं, १८९९ सालीं येथील सरकारला तिच्यावर वेगळी जकात बसवावी लागली. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळींत महाराष्ट्रांतील अनेक घरांनीं परदेशी साखर वर्ज्य केली. ती हाडांच्या कोळशानें शुद्ध करतात, हेंही एक कारण असे. महायुद्धानें उत्तर फ्रान्सचीं बीटशेतें आणि कारखाने उद्ध्वस्त केले, इतर देशांचें उत्पादनही घटलें, आणि युद्ध संपलें तेव्हां जगांत साखर सोन्यासारखी महाग झाली होती. १९१९ सालीं हिंदुस्थान सरकारनें साखरेच्या धंद्याचा विचार करण्यासाठीं समिति नेमली. त्याच सालीं मुंबईच्या भांडवलानें 'बेलापूर कंपनी' स्थापन झाली, आणि पुढील दशकांत आमच्या जवळच्या हरेगांव येथें तिचा कारखाना सुरू झाला. प्रवरेवर भंडारदऱ्याचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. कालव्यांनीं कोरडवाहू माळ भिजविले. १९३२ सालीं साखरधंद्याच्या संरक्षणाचा कायदा होऊन जाव्याच्या साखरेस आडकाठी आली, आणि देशांत जेथें सुमारें तीस कारखाने होते तेथें पांच-सहा वर्षांत सव्वाशेंहून अधिक झाले. लीलजवळचीं शेतें उजाड झालीं, त्या टंचाईच्या काळांत आमच्या फडांना अंकुर फुटला. नेपोलियनच्या हुकुमानें तेथें जें घडलें, तेंच शंभर-सव्वाशें वर्षांनीं जकातीच्या कायद्यानें येथें घडलें.

आमच्याकडेही या वैभवाला दुसरी बाजू होती. कारखान्याला ऊंस पाहिजे, उंसाला जमीन पाहिजे. पाटाचें पाणी आलें तरी ऊंस करण्यास लागणारें भांडवल लहान शेतकऱ्याजवळ नव्हतें, आणि दुष्काळाची आठवण ताजी होती. त्यानें आपलें रान दीर्घ मुदतीच्या खंडानें खासगी कारखान्यांस दिलें. ठरलेला खंड हातीं पडत असे. उंसाचा नफा दुसरीकडे जात असे. आणि धनी असलेला मनुष्य पुष्कळदां आपल्याच बांधावर मजूर म्हणून उभा राहत असे. १९६१ सालीं कमाल जमीनधारणेचा कायदा झाला. कारखान्यांकडील जमिनी सरकारनें घेतल्या आणि १९६३ सालीं स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे त्या गेल्या. खंडानें दिलेली जमीन मूळ मालकास परत मिळण्याचा प्रश्न तसाच लोंबकळत राहिला. 'खंडकरी' हा शब्द नगर जिल्ह्यांत एका मोठ्या लढ्याचें नांव झाला. मोर्चे निघाले, अर्ज झाले, दावे चालले. कायद्यांत दुरुस्ती होऊन २०१२ पासून जमिनींचें वाटप होऊं लागलें, तेव्हां खंडपत्रावर ज्यांनीं अंगठा उठविला होता त्यांचीं नातवंडें म्हातारीं झालीं होतीं.

यावर उपाय सुचला तोही याच मुलखांत. बेलापूरपासून फार दूर नसलेल्या लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील यांनीं शेतकऱ्यांना एकत्र केलें, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनीं मार्ग दाखविला, आणि १९५०-५१ च्या हंगामांत प्रवरेच्या सहकारी कारखान्याचें पहिलें गाळप झालें. ज्याचा ऊंस त्याचाच कारखाना, हें त्यामागील सूत्र. फ्रान्समध्येंही आज बीटसाखरेचा मोठा भाग शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांच्या कारखान्यांत तयार होतो. एकमेकांस न विचारतां दोन्ही मुलूख एकाच उत्तराकडे आले. तरी हिशोब पुरा मिटला असें म्हणवत नाहीं. ऊंस तोडण्यासाठीं दरसाल घरदार सोडून येणारीं कुटुंबें, आणि शाळा सोडून त्यांच्याबरोबर पाचटांत हिंडणारीं मुलें पाहिलीं म्हणजे व्हिलेर्मे यांच्या वृत्तांताची आठवण होते. सहकारानें भागीदार केलें तें ज्याच्याजवळ रान आहे त्यास. ज्याच्याजवळ केवळ कोयता आहे तो अद्याप वहीच्या बाहेरच आहे.

लीलहून निघतांना मीं तेथील साखरेचा एक लहानसा पुडा विकत घेतला. बेलापुरास परतल्यावर आमच्या शेजारच्या आबांना त्यांतील साखर दिली. आबा खंडकऱ्याच्या घराण्यांतले. त्यांच्या आयुष्याचीं कितीतरी वर्षें कचेरीच्या पायऱ्या चढण्यांत गेलीं आहेत. त्यांनीं चिमूटभर तोंडांत टाकली, क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "अरे, साखर ती साखरच. पण ते कंद पिकतात ते रान कुणाचं?"

मीं आगगाडी पाहिली, कोट पाहिला, स्मारक पाहिलें. पण दोन दिवसांत हा प्रश्न मीं तेथें कोणासही विचारला नव्हता. आबांना मीं सहकारी कारखान्यांविषयीं सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें, मान हलविली, आणि उरलेली साखर नातवासाठीं कागदांत नीट बांधून ठेवली.